निवडलेली माणसं आणि आलेली माणसं

अलीकडच्या मराठी लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. नवरी मधोमध उंच पाठीच्या खुर्चीत, एक हात खुर्चीवर सैल सोडलेला. भोवती सहा-सात करवल्या. एक जमिनीवर पाय दुमडून बसलेली, एक खुर्चीला रेललेली, दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. साड्या एकाच रंगाच्या चढत्या-उतरत्या छटांच्या. हसत कुणीच नाही. कुणी कॅमेऱ्याकडे बघतंय, कुणी खिडकीकडे, कुणी नुसतंच लांब कुठेतरी. फोटोग्राफर मंडळी याला ‘एडिटोरिअल लूक’ म्हणतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हे काय, सगळ्या भांडून बसल्यासारख्या!’

मला या दोघांशीही थोडं भांडायचं आहे. वडीलधाऱ्यांशी यासाठी, की ते ज्याला पूर्वीचा साधा, खरा फोटो म्हणतात तो साधा कधीच नव्हता. फोटोग्राफरशी यासाठी, की फॅशनच्या जगातून त्यानं बरंच काही चांगलं उचललं आणि त्याच हातानं नको तेही उचललं.

आधी जुन्या ग्रुप फोटोचं बघू. वाड्याच्या चौकात किंवा मांडवाबाहेर खुर्च्या मांडलेल्या. मधल्या खुर्चीवर आजोबा, शेजारी व्याही, मग मामा, मग ज्यांच्या शब्दावर लग्न ठरलं ते मध्यस्थ. बायका मागे उभ्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. पोरंटोरं पुढे सतरंजीवर मांडी घालून. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कुणाला मिळाल्या आणि कुणाला नाही, यावरून जे रुसवेफुगवे झाले ते फोटोत उमटत नाहीत, एवढंच. खुर्ची म्हणजे मान, आणि मानपानाचा तो तक्ताच फोटोत उतरवलेला असे. चेहरे इतके दगडी का, तर कॅमेरा संथ होता आणि फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरला की हलायची सोय नव्हती. पुढे रोल फिल्म आली तरी हात सैल झाला नाही. मोठ्या फिल्मच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघत, पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. एका ग्रुपला एक क्लिक, फार तर दोन. त्यात पोज बदलून बघायची चैन कुणाला परवडणार? सरळ उभं राहायचं, डोळे मिटू द्यायचे नाहीत आणि मोकळं व्हायचं.

आणि त्या फोटोत जी नाहीत त्यांचं काय? नवरा गेलेली आत्या मांडवात मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिनं ओवाळायचं नाही, ओटी भरायची नाही, म्हणून ती फोटोतही नाही. तिला ‘बाजूला हो’ म्हणायची वेळ येत नसे, ती स्वतःच बाजूला होई. विधवांबाबतच्या असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला तो मे २०२२ मध्ये. तेव्हा ‘आमच्या वेळी सगळे फोटोत असायचे’ हे वाक्य ऐकलं की मी तो फोटो मागवून घेतो आणि ‘सगळे’ मोजू लागतो.

मांडणी दोन्हीकडे आहे, हे एकदा मान्य केलं की नाटकीपणाचा आरोप गळून पडतो. जुन्या फोटोत मानाची मांडणी होती, नव्यात दिसण्याची आहे. प्रश्न इतकाच उरतो की या नव्या मांडणीनं काय मिळवून दिलं आणि काय हिरावून घेतलं.

ही मांडणी आली कुठून? अमेरिकी ‘व्होग’साठी फोटोग्राफर आयर्विंग पेननं १९४७ मध्ये त्या काळातल्या सर्वाधिक फोटो निघणाऱ्या बारा मॉडेल एका चौकटीत घेतल्या. (त्यातल्या लिसा फॉन्साग्रीव्ह्जशी त्यानं १९५० मध्ये लग्न केलं. ग्रुप फोटोतून लग्न जमल्याचं याहून नामांकित उदाहरण मला माहीत नाही.) पुढच्याच वर्षी सेसिल बीटननं फॅशन डिझायनर चार्ल्स जेम्सच्या झग्यांमधल्या आठ जणींचा फोटो त्याच मासिकासाठी काढला. त्यातल्या बायका कॅमेऱ्याची दखलच घेत नाहीत, जणू कुणाच्या दिवाणखान्यात जमल्यात आणि आपण दारातून डोकावतो आहोत. हे असं का, याचं उत्तर कलेपेक्षा कापडात जास्त आहे. झग्याची बाह्यरेषा दिसली नाही तर तो विकायचा कसा? खांद्याला खांदा लावला की घेर, बाही, कंबर सगळं एकमेकांत मिसळून जातं. म्हणून प्रत्येकीभोवती मोकळी जागा ठेवायची, डोकी वेगवेगळ्या उंचीवर ठेवायची, कुणाला बसवायचं, कुणाला वळवायचं. हसणं टाळायचं, कारण हसऱ्या चेहऱ्यावर नजर अडकते आणि कपड्यापर्यंत पोचत नाही.

घरच्या फोटोचं गणित याच्या अगदी उलट. तिथं अंतर ठेवणं म्हणजेच काहीतरी बिनसलेलं असणं. ‘जवळ या, अजून जवळ या’ हे फोटोवाल्याचं पालुपद जागा मावावी म्हणून असलं, तरी त्यातून जवळीकही दिसते. तेव्हा ‘भांडून बसल्यासारख्या’ हा आजीचा शेरा अडाणीपणाचा नाही. फॅशनच्या फोटोनं मोकळी जागा कपड्यासाठी ठेवली होती, आजी ती जागा नात्यात वाचते. तिचं वाचन चुकीचं म्हणता येत नाही.

पण सगळी उसनवारी पॅरिस-न्यूयॉर्ककडून झाली असं समजण्याचंही कारण नाही. राजा रविवर्म्याचं ‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ हे चित्र साधारण १८८९ चं. म्हैसूर दरबारासाठी काढलेलं, आजही तिथल्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या पेहरावातल्या अकरा बायका दाटीनं बसल्या-उभ्या आहेत, काहींच्या हाती वाद्यं. प्रत्येकीचं वस्त्र आणि दागिना ओळखू येईल अशा बेतानं सगळ्या रचलेल्या, आणि तरी मेळा एकच वाटतो. आजच्या फोटोग्राफरनं पिंटरेस्ट बंद करून तासभर हे चित्र पाहिलं तर त्याला अधिक मिळेल असं माझं मत आहे. आणि नऊवारी, नथ, वर फेटा, डोळ्यांवर गॉगल असा जो करवल्यांचा ठसकेबाज ग्रुप हल्ली दिसतो, तो ‘व्होग’मधून आलेला नाही. तो गिरगाव-डोंबिवलीच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रांमधून थेट लग्नाच्या हॉलमध्ये शिरला आहे. शिवलेली नऊवारी भाड्यानं मिळते, फेटेवाला दहा मिनिटांत दहा डोकी बांधून देतो. ‘व्होग’कडून आली ती नुसती बसण्या-उभं राहण्याची रीत.

मिळालं ते कमी नाही. जुन्या फोटोत मागच्या रांगेत उभी असणारी मुलगी इथं मध्यभागी आहे, आणि ती कुणाची तरी सून किंवा लेक म्हणून नाही, मैत्रिणींची मैत्रीण म्हणून. कॉलेजातली, हॉस्टेलातली, ऑफिसातली नाती जुन्या लग्नफोटोत कुठे बसवायची हाच प्रश्न असे. त्यांना सोयरिकीचा मान नव्हता, म्हणून जागा नव्हती. आता ती हक्कानं खुर्चीभोवती गोळा होतात. शिवाय बायकांना शरीर मिळालं. जुन्या फोटोतली बाई पदरात गुंडाळलेली, हात कुठे आहेत ते दिसायचं नाही. नव्या फोटोतली पाय पसरून बसते, कमरेवर हात ठेवते, हनुवटी वर करून बघते. याला कुणी उर्मटपणा म्हणत असेल तर म्हणो. मला तो बराच उशिरा मिळालेला मोकळेपणा वाटतो.

आता हिरावलं ते. साताऱ्याकडच्या एका कार्यालयात मी हे अगदी जवळून पाहिलं. लग्न लागलं होतं, पंगतीला अवकाश होता. पायऱ्यांवर करवल्यांचा ग्रुप मांडणं चाललं होतं. साड्या मोरपंखीपासून फिकट आकाशीपर्यंत ठरवून घेतलेल्या. सहायक काठीवर सॉफ्टबॉक्स धरून उभा. फोटोग्राफर एकेकीची हनुवटी बोटानं हवेत दाखवून खाली-वर करायला लावत होता. इतक्यात नवरीची मोठी काकू आली आणि सहजपणे खुर्चीमागे उभी राहिली. देवकापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत पहाटेपासूनचं सगळं तिनंच निभावलेलं. अंगावर डाळिंबी पैठणी, खांद्याला पर्स, हातात आहेराच्या पाकिटांची कापडी पिशवी. फोटोग्राफर अदबीनं म्हणाला, ‘काकू, तुमचा फॅमिलीसोबत नंतर घेऊ या.’ ‘हो हो, तुमचं चालू द्या,’ म्हणत काकू उतरली. नंतर पंगत बसली, मग रिसेप्शनची रांग लागली आणि ते ‘नंतर’ काही आलं नाही.

फोटोग्राफर त्याच्या हिशेबानं बरोबरच होता. मोरपंखीत डाळिंबी खटकली असती आणि त्या पर्सनं चौकट बिघडली असती. पण खरी गोम तिथंच आहे. फॅशनच्या फोटोत माणसं निवडलेली असतात, लग्नात ती आलेली असतात. ‘व्होग’च्या बारा जणी पेनच्या कॅमेऱ्यासमोर आल्या त्याआधीच उंची, वय, चेहरा यांची चाळणी लागून गेली होती. लग्नाला येणाऱ्याला एकच चाळणी, आमंत्रण. पोट सुटलेला मामा, चष्म्याची जाड भिंगं लावणारी आजी, ऐन वेळी कडक इस्त्रीचा सफारी घालून आलेला गावाकडचा चुलता, ही माणसं म्हणजेच लग्न. त्यांना वगळून जे उरतं ते फोटोशूट. फॅशनकडून प्रकाश घ्या, रचना घ्या, धीटपणा घ्या. पात्रनिवड तेवढी तिकडेच राहू द्या.

ग्रुप फोटोत जागा म्हणजे सत्ता, हे त्या जगालाही चांगलं ठाऊक आहे. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाचा हॉलिवूड अंक १९९५ पासून निघतो. त्याच्या घडीच्या मुखपृष्ठांसाठी अ‍ॅनी लीबोविट्झनं वर्षानुवर्षं नटनट्यांचे देखणे समूह रचले. घडीचं मुखपृष्ठ म्हणजे स्टॉलवर फक्त पहिला पट दिसणार, उरलेले आत दुमडलेले. गोरे चेहरे बाहेरच्या पटावर आणि इतर आतल्या घडीत, अशी टीका त्यावर पुन्हा पुन्हा झाली. त्याही आधी, रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या ‘नाइट वॉच’ या चित्रात झळकण्यासाठी शहरशिबंदीतल्या मंडळींनी पदरचे पैसे मोजले होते, माणशी सरासरी शंभर गिल्डर, ठळक जागा असेल तर जास्त, कोपऱ्यात असेल तर कमी. म्हणजे खुर्चीवरून रुसणारे आपले व्याही काही जगावेगळे नव्हेत.

आपल्याकडे ही छाटणी कुणा एका माणसाच्या दुष्टपणातून होत नाही. ती फोनच्या आकारातून होते, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुना ग्रुप फोटो आडवा होता, कारण कुटुंब आडवं पसरतं. तो भिंतीवर लागायचा, कोचावर बसून पाहिला जायचा. आजचा फोटो हातातल्या उभ्या पडद्यासाठी काढला जातो. इन्स्टाग्रामवर २०१५ पर्यंत तर चौकोनाखेरीज दुसरा आकारच चालत नव्हता, मग उभ्या चौकटीची मुभा मिळाली आणि रील आल्यावर उभा आकार हाच नियम झाला. तीस माणसांचा आडवा फोटो फोनवर उघडला की प्रत्येक चेहरा तांदळाएवढा. सहा जणी तीन उंचींवर रचल्या की पडदा गच्च भरतो. फोटोग्राफरला पुढचं काम त्या पडद्यावरूनच मिळायचं असतं. तेव्हा तो तिसांवर दोन मिनिटं आणि सहांवर वीस मिनिटं खर्च करतो, यात नवल ते काय. घर किती मोठं दाखवायचं हे आता फोन बनवणारे ठरवतात, आणि आपण खापर फोडतो ते नव्या पिढीच्या दिखाऊपणावर.

काही दोष मात्र निव्वळ कारागिरीचे आहेत आणि ते सुधारता येतात. झोकदार फोटोसाठी बाजूनं एकच मोठा दिवा लावायची पद्धत आहे. त्यानं चेहऱ्याला उठाव येतो, जरीकाठ चमकतात. पण दिवा पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर असेल आणि दुसरी रांग त्याच्या मागे आणखी एक मीटर असेल, तर दुसऱ्या रांगेला पहिलीच्या निम्म्याहून कमी उजेड मिळतो. प्रकाश अंतराच्या वर्गानं घटतो, तिथं वशिला चालत नाही. तोच दिवा सहा मीटरवर नेला तर मागच्या रांगेला जवळजवळ पाऊणपट उजेड मिळतो. दिवा दूर नेला की जास्त ताकदीचा लागतो, म्हणून भाडंही जास्त. मग सोपी वाट काय? मागची रांगच काढून टाकायची. भिंगाचंही तसंच. हॉल अरुंद, मागे सरकायला जागा नाही, म्हणून वाइड लेन्स लावतात. ती कडेच्या माणसांना आडवं ताणते. ‘मी फोटोत फारच जाडी दिसते, मला नका घेऊ’ म्हणणाऱ्या कितीतरी मावश्या निव्वळ कडेला उभ्या राहिल्यामुळे जाड झालेल्या असतात. फोटोग्राफरनं कार्यालयाच्या अंगणात पंधरा पावलं मागे जाऊन साध्या लेन्सनं फोटो घेतला, तर मावशीचं वजन जागच्या जागी उतरेल.

फॅशनचं व्याकरण आणि आलेली माणसं यांचा मेळ बसतो का? बसतो, आणि तो एका नामवंत फॅशन फोटोग्राफरनंच बसवून दाखवला आहे. रिचर्ड अ‍ॅव्हेडननं कित्येक दशकं ‘हार्पर्स बाझार’ आणि ‘व्होग’साठी कपडे टिपले. ३ मे १९७० रोजी त्यानं न्यू जर्सीतल्या पॅटरसन इथं कवी अ‍ॅलन गिन्सबर्गच्या कुटुंबाचा फोटो काढला. आत्या, काका, बाप, सावत्र आई, भाऊ, वहिनी, पुतणे, पुतणी, सगळी पांढऱ्या पार्श्वभूमीपुढे आपापल्या अंगातल्या कपड्यांत, पायांपर्यंत. त्यासाठी सामग्री तीच, जी तो मॉडेलना देत असे: मोठा कॅमेरा, स्वच्छ उजेड, भोवती मोकळी पांढरी जागा. आणि छापताना फोटो भिंतभर मोठा. माणसं मात्र जशी होती तशी. फोटोच्या शीर्षकातच प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहिलेलं आहे. बुटकी माणसं, जाड माणसं, न जुळणारे कपडे, आणि तरी हा फोटो विसाव्या शतकातल्या वजनदार समूहचित्रांत गणला जातो. त्या मोकळ्या पांढऱ्या जागेनं इथं कपडा दाखवला नाही, प्रत्येक माणूस वेगळा दाखवला. आजीला जी जागा बिनसल्यासारखी वाटते, तीच अशी वापरता येते.

दुसरं उदाहरण पीटर लिंडबर्गचं. १९८८ मध्ये त्यानं ‘व्होग’साठीच सहा मॉडेलना साधे पांढरे शर्ट घालून समुद्रकिनाऱ्यावर उभं केलं. त्या एकमेकींवर कलंडत खिदळताहेत, केस विस्कटलेले. मासिकानं तेव्हा तो फोटो छापला नाही, आणि आज त्या दशकाची आठवण निघाली की तोच आधी पुढे येतो. आपल्याकडे लग्नाच्या सकाळी नवरी आणि मैत्रिणी एकसारखे सॅटिनचे रोब घालून ओळीनं उभ्या राहतात, तो त्याचाच दूरचा नातलग. फक्त उचलताना कपड्याचा सारखेपणा उचलला आणि खिदळणं तिकडेच राहिलं.

अ‍ॅव्हेडनचा आणि लिंडबर्गचा, दोन्ही फोटो कृष्णधवल आहेत हेही सोयीचं आहे. रंगच काढून टाकला की डाळिंबी आणि मोरपंखी यांचं भांडण उरत नाही, फक्त काठ आणि चेहरे उरतात. ‘अहो, पण मग पैठणीचा रंग दिसणार कसा?’ असं काकू विचारतील, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पंचवीस-तीस हजार मोजून घेतलेल्या वस्त्राचा रंग अल्बममध्ये हवाच. मग एक रंगीत घ्या, एक कृष्णधवल घ्या. आता काही बारा फोटोंचा रोल नाही.

फोटोग्राफर म्हणतील, वेळ कुठून आणायचा? मुहूर्त ठरलेला, कार्यालय चारला रिकामं करून द्यायचं, संध्याकाळी तिथं दुसरं कार्य. तक्रार खरी आहे. पण मग रिसेप्शनच्या रांगेकडे बघा. स्टेजवर नवरा-नवरी, शेजारी पाकीट देणारा पाहुणा, सगळे समोर बघून तेच हसू हसताहेत, क्लिक, पुढचे या. दोनशे, तीनशे, पाचशे वेळा. आलेल्या माणसाची हजेरी लागली यापलीकडे त्या फोटोंना काही अर्थ नाही. अल्बम लावताना ते कुणी निवडतही नाही, आणि लग्नातला सगळ्यात महागडा फोटोग्राफर दीड-दोन तास तिथं अडकलेला असतो. हजेरी घ्यायला एका सहायकाला उभं करता येतं. मुख्य माणसाला अर्धा तास अंगणात न्या, दिवा लांब लावा, आणि कुणाकुणाला बोलवायचं याची यादी नवरीच्या मैत्रिणीकडे न देता पहाटेपासून राबणाऱ्या त्या काकूकडे द्या. आलेल्यांपैकी कोण कुठे बसलंय, कोण रुसलंय आणि कोण न जेवताच निघालंय, हे तिला पाठ असतं.